बोटवाले भाऊ

कुणी डोकं धरून खाली बसलं, तरी बोटवाले भाऊ आधी जखमेकडे पाहत नसत. "रगत त कोनालेबी दिसते," म्हणत आणि मानेमागची हाडं एकेक दाबून दुखतं का ते विचारत. मूल गावच्या सरकारी दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. कबड्डीचे सामने असले की खिशात टॉर्च घालून आपणहून मैदानाच्या कडेला येऊन बसत.

मानेनंतर टॉर्चनं डोळ्यांच्या बाहुल्या. मग चेहऱ्यापुढून तर्जनी सावकाश इकडून तिकडे. डोकं न हलवता नजर तिच्यामागे गेली पाहिजे. खेळाडू त्या बोटाची नक्कल करत, त्यावरूनच हे नाव पडलं. शेवटी चुन्याच्या रेघेवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडवत चालायला लावत आणि विचारत, "पाईंट किती झाले?" चुकला तर खेळ बंद. मी शाळेत खेळ शिकवायचो, गावचा संघही माझ्याकडेच होता. मी कुरकुरलो की म्हणत, "गुरुजी, कप पुढच्या साली भेटन. डोस्कं कोन्या दुकानात भेटते?"

गोंडपिपरीच्या अंतिम सामन्यात आमचा सुधाकर पकडीत आपटला. धानाची शेती करणारा, बायको-लेकरांचा गडी. चढाईला आमचा सगळा भरवसा त्याच्यावर. भाऊंनी तपासलं. रेघेवर तो जरा डगमगला, पण चालला. मग गुण विचारले. सुधाकरला आठवेना. मी भाऊंच्या पाठीमागे उभा होतो. त्याची नजर माझ्याकडे आली. मी आधी सात बोटं दाखवली, मग नऊ.

"सात-नऊ," तो म्हणाला.

भाऊ वळले. "गुरुजी, उत्तर त्याचं होतं का तुमचं?"

"त्याचंच," मी म्हणालो. आम्ही दोनच गुणांनी मागे होतो.

पुढच्याच चढाईत तो पुन्हा डोक्यावर पडला. नागपूरच्या दवाखान्यातून जिवंत परतला, पण शेताच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, सरळ चालणं त्याला पुन्हा कधी जमलं नाही. भाऊंनीच त्याला खेळू दिलं, असं गाव म्हणालं. त्यांनी मैदानावर येणं सोडलं. कुणी टोमणा मारला तर एवढंच म्हणत, "तपासलं त मीच ना." दोनदा तर मी तिथंच बसलेला होतो.

काही वर्षांनी मी न्हाणीत घसरलो. मुलगा भाऊंना घेऊन आला; ते तेव्हा निवृत्त झाले होते. मान, बाहुल्या, बोट. फरशीच्या रेघेवरून चालवलं. मग खुर्चीत बसवून हळूच विचारलं, "त्या दिवशी पाईंट किती होते, गुरुजी?"

"सात-नऊ."

"डोस्कं ठीक हाय तुमचं," ते म्हणाले आणि टॉर्च खिशात घातली.

तेव्हाही मी पुढचं बोललो नाही. आता भाऊ नाहीत. सुधाकर आहे, ते गाव आहे. म्हणून लिहून ठेवतो: उत्तर माझं होतं.