एका भूमिकेला दोघं

दत्ता गेला हे मला कळलं, तेव्हा मी दत्ताचीच नक्कल करत होतो.

तालमीच्या खोलीत पोरं जमली होती, दत्ता सरांना यायला उशीर झाला होता आणि समोर आयता प्रेक्षक दिसला की मला राहवत नाही. मान पुढे, हात पाठीमागे, भुवया कपाळाच्या मध्यावर. ‘‘लाइट गेली तर? माइकवाला झोपला तर? पडदा पडलाच न्हाई तर?’’ असं पुटपुटत मी खोलीभर येरझाऱ्या घालत होतो आणि पोरं पोट धरून हसत होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दत्ताचा मेहुणा होता. सकाळी आंघोळीला म्हणून उठला, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत... मी मटकन खाली बसलो. पोरांना वाटलं, हाही नकलेचाच भाग, कारण धसका बसला की सरही अगदी असेच बसायचे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हौसेनं पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत. त्या मात्र अजून कानातून जात नाहीत.

प्रा. दत्ता मोराळे इतिहास शिकवायचा, मी भूगोल शिकवतो. धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या आमच्या महाविद्यालयात आम्ही एकाच पावसाळ्यात रुजू झालो. सांस्कृतिक विभाग त्याच्या गळ्यात पडला तो कायमचाच. खरं तर दत्ता म्हणजे काळजीचा कारखाना. दरवर्षी विद्यापीठाच्या आवारात युवक महोत्सव भरतो. ढोल घुमतात, पोरी झाडाखाली एकमेकींना नऊवारी नेसवतात, कुणी जिन्याखाली बसून पोवाड्याचा आवाज तापवतो. या सगळ्या जत्रेत आमचा दत्ता चेहरा पाडून रंगमंचाच्या खिळ्यांवर पाय देऊन बघायचा, एखादा वर आलाय का म्हणून! प्रयोगभर तो विंगेत उभा राहायचा, तोही अनवाणी. त्याच्या वहाणा करकरायच्या. ती करकर शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी त्याला धास्ती. मग सवय म्हणून तालमीच्या खोलीबाहेरही त्या काढायचा. देवळात शिरल्यासारखा आत यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, ‘‘समदे हायत ना रे?’’

या प्रश्नाला कारण होतं. आमची निम्मी पोरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी दाराशी लागली की अख्खं बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला लागतं. आपलं पोरगं एकांकिकेत राजा आहे म्हणून गाडी थांबत नाही. सुरुवातीच्या काळात दत्ताचा एक राजा असाच रंगीत तालमीतून उठून गेला. गाडी फाटकाशी उभी, बाप हाका मारतोय, तेव्हा चिकटवलेली मिशी उपटायलाही वेळ मिळाला नाही. महाराज मिशीसकट कर्नाटकात पोचले! त्यानंतर दत्तानं नियमच केला : एका भूमिकेला दोघं. दोघांनी एकच पात्र बसवायचं, आलटून पालटून तालीम करायची, आणि जो जाईल त्यानं जाताना राहणाऱ्याला सगळं देऊन जायचं. याला तो ‘जोडी’ म्हणायचा. यात गमतीही व्हायच्या. एकदा नायक झालेल्या पोराच्या पायात काटा मोडला होता म्हणून तो लंगडायचा. त्याच्या जोडीदारानं संवादांबरोबर लंगडणंही इमानदारीनं उचललं. नायक ऊस तोडायला गेला, हा धडधाकट गडी विद्यापीठाच्या रंगमंचावर लंगडला, आणि परीक्षकांनी पात्राच्या सूक्ष्म अभ्यासाचं कौतुक केलं. मी हसून लोळलो. दत्ता मात्र घाबरून म्हणाला, ‘‘हसू नको बे. त्यांनी तपासायला पाय मागितला असता तर?’’

तालमीच्या शेवटच्या आठवड्यात तो मलाही खोलीत बसवून ठेवायचा. दरवर्षी.

‘‘मला कावून बसवतो?’’ मी वैतागायचो. ‘‘मी काय परीक्षक हाय का?’’

‘‘परीक्षक असतास तर दारातून हाकलला असता. उगं बघ.’’

‘‘काय बघू?’’

‘‘मी काय करतो ते बघ. नकला तर करतोच माझ्या. नीट बघून तरी कर.’’

मी बघायचो, चहा प्यायचो, कोपऱ्यातून टवाळ्या करायचो. त्याला सोबत हवी असते, एवढाच माझा समज.

यंदाची एकांकिका टँकरची वाट बघणाऱ्या बायांची होती. त्यातल्या म्हातारीच्या भूमिकेला रुक्मिणी आणि शीतल अशी जोडी. रुक्मिणी नुसती उभी राहिली तरी बघणाऱ्याची नजर हलत नसे. शीतलचा आवाज मात्र पहिल्या बाकापर्यंतही जात नव्हता. दत्ताचा हिशेब असा की महोत्सव दसऱ्याआधी आहे, रुक्मिणीच करील, शीतलला पुढच्या वर्षापर्यंत घडवू. आणि नेमका एका संध्याकाळी तालीम संपताना निरोप आला की महोत्सव पुढे गेला, दिवाळीनंतर. दत्ता पोरींकडे बघत राहिला, मग उठला आणि चालू लागला. वहाणा दाराशीच राहिल्या. त्या तंद्रीत हा अनवाणी घरी पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन आला...

दहावा-तेरावा झाला आणि पोरं माझ्याकडे आली. रुक्मिणीच्या दारात गाडी आलेली. मी रीतसर गंभीर चेहरा केला, तो मला बरा जमतो, आणि म्हणालो, ‘‘यंदा नाव मागं घेऊ. सर नाहीत, रुक्मिणी नाही. लोक समजून घेतील.’’

मग शीतल बोलली. तीच, जिचा आवाज बाकापर्यंत जात नव्हता.

‘‘सर म्हनायचे, मला काय झालं तर भूगोलवाल्या सरांना बोलवा. ते माझी जोडी हायत.’’

‘‘कधी म्हणायचे?’’

‘‘लई वेळा. तुमाला माहीत न्हाई?’’

नव्हतं माहीत. दरवर्षी आठवडाभर त्या कोपऱ्यात मी प्रेक्षक म्हणून बसलेला नव्हतो, तालमीला होतो. जोडीदाराला न सांगता जोडी लावणारा माणूस! मला त्याचा इतका राग आला, की तो समोर असता तर भांडलो असतो.

नाव मागं घेतलं नाही. मग दत्ताच्या तीन गोष्टी माझ्या अंगात शिरल्या त्या अशा की पुन्हा बाहेर निघाल्या नाहीत : झोप न येणं, आभाळाकडे बघणं आणि माणसं मोजणं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत रुक्मिणी उसाच्या फडातून व्हिडिओ कॉल लावायची. शीतल फोन समोर ठेवून म्हातारीचं चालणं शिकायची. पलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि रुक्मिणीची दटावणी, ‘‘अगं कंबर मोडलीय तिची, मान न्हाई मोडली! मान वर ठिव!’’ रेंज जायची. माझा जीव जायचा. रेंज यायची.

महोत्सवाच्या दिवशी मी विंगेत उभा होतो. बूट कधी काढले ते आठवत नाही. पायाखाली एक खिळा लागला तेव्हा कळलं, आपण अनवाणी आहोत. शीतल रंगमंचाच्या मध्यावर गेली, घागर खाली ठेवली आणि उभी राहिली. पहिलं वाक्य येईना. मांडवाच्या टोकाला कुणीतरी खोकलं. माझे ओठ तिचं वाक्य पुटपुटत होते. इतकी वर्षं मी ज्याची नक्कल केली तो माणूस त्या क्षणी आतून कसा असायचा, हे तेव्हा कळलं... नकलेत त्यातलं काहीच नव्हतं. मग शीतलनं मान वर केली. सावकाश, रुक्मिणीसारखी. आणि तिचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला.

बक्षिसाचं विचारू नका. दत्तानंही विचारलं नसतं. तोवर त्याला परतीच्या गाडीची काळजी लागलेली असायची.

परवा नाटकाच्या वस्तू ठेवायला तालमीच्या खोलीकडे गेलो, तर आतून हसण्याचे फवारे. दारातून बघितलं. शीतल खोलीभर येरझाऱ्या घालत होती. मान पुढे, हात पाठीमागे. ‘‘रेंज गेली तर? घागर फुटली तर? गाडीत समदे बसले का? पुन्यांदा मोजा!’’ हुबेहूब दत्ता. कौतुकानं मी टाळी वाजवणार तोच तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. बाकी सगळी छताकडे बघायला लागली.

दत्ता कधी घागर म्हणाला नव्हता. रेंजचं तर त्याला कळतही नव्हतं. ती काळजी माझी होती.

‘‘कावून थांबली?’’ मी म्हणालो. ‘‘चालू दे. नीट कर पण.’’

दाराशी दत्ताच्या वहाणा अजून आहेत. कुणी उचलत नाही, झाडणारी बाईसुद्धा भोवतीनं झाडते. मी त्यांच्या शेजारी बूट काढले आणि आत जाऊन कोपऱ्यात बसलो.