४५८४५८

मला बघायला काटोलची मंडळी आली, तेव्हा मी नागपुरात गणितात एम.एस्सी. करत होते. मुलाच्या मामांनी विचारलं, "इतकं गणित शिकून काय भेटते?"

मी त्यांना कोणताही तीन अंकी आकडा सांगायला लावला. ते म्हणाले, ४५८. मी तो कागदावर लागोपाठ दोनदा लिहिला आणि म्हटलं, "या ४५८४५८ला सात, अकरा आणि तेरा, तिन्हींनी भाग जातो."

मामांनी मोबाइलवर पडताळलं आणि ते पुन्हा पोह्यांकडे वळले. मुलानं मात्र कागद ओढून घेतला. "पण काहून जाते?"

"आकडा असा दोनदा लिहिला की त्याला एक हजार एकनं गुणल्यासारखं होतं. आणि हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा."

तो गुणाकार त्यानं स्वतः करून पाहिला आणि खुशीत हसला. मी आत जाऊन आईला होकार सांगितला.