कोरी जागा

गिरगावात एका जिन्याखाली एका बाईंचं टायपिंगचं दुकान आहे. मी परळच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि सामान्य वाचकांसाठी विज्ञानावर लेख लिहितो. माझे हाताने लिहिलेले कागद या बाई टाइप करून देतात. प्रत्येक वाक्य त्या आधी ओठांतल्या ओठांत म्हणतात, मगच बोटं चालवतात.

चंद्रावरच्या लेखात त्यांनी मधेच चार ओळींची जागा कोरी सोडली होती.

"इथलं राहिलं वाटतं," मी म्हणालो.

"राहिलं नाही, सर. दोनदा वाचूनही मला समजलं नाही, म्हणून टाइप नाही केलं."

मला जरा रागच आला. "अहो, साधं आहे. चंद्रही पृथ्वीकडे पडतोच आहे. पण तो आडवा पळतोय ना, म्हणून दर वेळी पृथ्वी हुकते."

बोलता बोलता पाहिलं, तर माझं बोलणं 'अहो'सकट कॉम्प्युटरच्या पडद्यावर उतरलं होतं.

"आणि माझ्या कागदावरचं?"

"ते नको. हे कळलं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेवढं 'अहो' काढू का?"

मी ते पुन्हा वाचलं. माझा राग कधीच गेला होता.

"असू दे," मी म्हणालो.

लेख तसाच छापून आला.