बादलीतले दोन गोळे
भिजल्या चुन्याचा वास आला की मला जळकोटजवळची आमची एकखोली शाळा आठवते. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी तिथं एकटीच शिक्षिका होते. शाळा काळ्या मातीवर, त्यामुळं पावसाळ्यात जमीन फुगायची आणि दार अडकायचं. दार उघडेना की पोरी शेतावर जायच्या, आणि तिकडं गेलेली पोर सहसा परतत नसे. उन्हाळ्यात भेगा पडल्या की आम्ही त्या शेजारच्याच मातीनं बुजवायचो. ते बघून एक म्हातारे गवंडी चाचा म्हणाले, "बाई, दार अडवनारी मातीच परत भरताव व्हय? चुन्याच्या भट्टीमागं चुरा पडलाय, गुऱ्हाळावर राख हाय. दोन्ही मातीत कालवा." मी म्हटलं, "राखेनं काय होणार, चाचा?"  त्यांनी दोन गोळे वळून चार दिवस सावलीत ठेवले, एक नुसत्या मातीचा, एक कालवलेला, आणि पोरींसमोर बादलीत सोडले. मातीचा गोळा बघता बघता विरघळला. दुसरा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पोरींच्या आयाच राखेच्या नि चुऱ्याच्या पाट्या घेऊन आल्या, आणि उंबऱ्याखाली हातभर खणून आम्ही ती कालवलेली माती धुम्मसानं, त्या जड ठोकळ्यानं, चोपली. परवा ऐन श्रावणात तिथं गेले होते. त्या पोरींतलीच एक आता तिथं शिकवते. तिनं एका बोटानं दार उघडलं.