गावाला आवतण देणारे धर्माजीदादा

ता. २८ ऑक्टोबर २०२३, शनिवार. बोईसर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी ४६४ रुपये दिले. ग्रामसभेच्या एका ठरावाच्या दोनशे बत्तीस प्रती, दोन रुपयांप्रमाणे. आमच्या गावात तेवढीच घरं आहेत. हा आकडा मला माझे थोरले चुलतभाऊ धर्माजीदादा यांच्यामुळे पाठ आहे.

केळव्याजवळच्या आमच्या गावात लग्नाचं, बारशाचं, बाराव्याचं आवतण तीस वर्षं दादाच देत आले. वाडीतलं शिंपण उरकून, धुतलेला सदरा घालून निघायचे आणि प्रत्येक ओटीवर तेच, तेवढेच शब्द बोलायचे. आलेला निरोप अडवायचा नाही, त्यात आपलं काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम. लग्न पुढे ढकललं, तर ज्याने आवतण दिलं त्यानेच पुन्हा घरोघर जायचं. दुसऱ्याने सांगितलेलं गाव धरत नसे.

हातात मोबाइल आला, तोही दादांनी तसाच वापरला. जे येईल ते सकाळी आंघोळ करून गावाच्या ग्रुपवर. खोटं असलं की मी खाली खरं लिहायचो. दादा मला नमस्काराचं चित्र पाठवायचे.

ऑक्टोबरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दादांच्या वारलेल्या धाकट्या भावाची मुलगी समिधा उभी होती. तिला दादांनीच वाढवलं. एके सकाळी त्यांनी पुढे पाठवलेल्यात तिचाच सही करतानाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘गावची गुरचरण जमीन गोदामवाल्यांना देण्याच्या कागदावर सही.’ वास्तविक ती सही ग्रामसभेच्या हजेरीवरची. जमीन देऊ नये हा ठराव त्याच सभेत समिधानेच मांडला होता. मी तसं ग्रुपवर लिहिलं. शेजारच्या झुंबरमावशी म्हणाल्या, “सख्खा काका सांगतो, मंग खोटं कसं आसंल?”

मी दादांकडे गेलो. ते ओटीवर विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होते. समिधा दारात उभी होती.

“दादा, हे खोटं आहे.”

“मी कुटं म्हटलं खरं हाय? निरोप आला, पुढं दिला.”

“काका, वाचला तरी काय तुमी?” समिधाने विचारलं.

“आवतण देणारा लगीन बरोबर का चूक ते बघत नाय, बाय.”

“मंग आता घरोघर जा. सांगा चुकलं म्हणून. तुमचाच नेम हाय.”

दादांनी हातातली जुडी खाली ठेवली. “तीस वर्सांत माजं एक आवतण खोटं नाय निघालं. आता दोनशे बत्तीस ओट्यांवर खोटा म्हणून उभा राहू?”

“म्हंजे मी खोटी ठरले तर चालंल.”

दादांनी पुढची जुडी घेतली.

म्हणून रविवारी ठरावाच्या प्रती घेऊन मी निघालो. लोकांनी पाणी दिलं, कागद घेतला, घडी घातली. झुंबरमावशी म्हणाल्या, “कागद बरा हाय, हिशेबनीस. पण धर्माजी का नाय आला?” बहुतेक घरी हेच. चौतीस वर्षं हिशेबनीस म्हणून मी कागदाच्या जोरावर पगार घेतला. त्या दिवशी शंभराव्या घरानंतर नुसते कागद ओटीवर ठेवत गेलो.

समिधा एकेचाळीस मतांनी पडली. आठवड्याभरात तिने बोईसरला खोली घेतली.

त्यानंतर दादा निघाले. धुतलेला सदरा घालून. प्रत्येक ओटीवर म्हणाले, “त्यो निरोप खोटा होता.” लोक म्हणाले, “आता काय त्याचं, धर्माजी? बसा, च्या घ्या.” अकरा घरांनंतर ते माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी ते बोईसरला गेले. पुढचं मला स्टेशनवरचा रिक्षावाला भावेश याने सांगितलं. त्याला खाली, दार दिसेल अशा जागी थांबवून दादा समिधाच्या बंद दारापुढे उभे राहिले आणि तेच शब्द दोनदा बोलले. खिडकीतून आत पंखा फिरताना दिसत होता. शेजारचं दार उघडलं, तिचं नाही. मग दादा खाली उतरले आणि रिक्षाकडे न बघता स्टेशनकडे चालू लागले.

समिधा गावी येत नाही. दादांनी आवतण देणं सोडलं आहे. मोबाइल त्यांच्याकडे आहे आणि सकाळी त्यावरून अजून काही ना काही येतं.

भावेशचे जाण्याचे आणि थांबण्याचे मिळून साठ रुपये द्यायचे राहिले आहेत.