सकाळचे तीन मिस कॉल

डेपोतल्या माणसाला किश्शांची कधी टंचाई नसते. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे मी. टपरीवर चहा घेता घेता एकेक किस्सा निघतो आणि तिथल्या तिथं हसून माणूस मोकळा होतो. पण माझ्याकडं दुसऱ्या एका जागेचे किस्से आहेत आणि ते नुसते साचत चाललेत. ती जागा म्हणजे शिरूरमधल्या मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरचं बाकडं. डॉक्टर मॅडम पुण्याहून दर गुरुवारी येतात. त्या बाकड्यावर बसलेला प्रत्येक जण गावात काहीतरी वेगळंच सांगून आलेला असतो. कुणी बँकेत, कुणी दाताला. मग तिथं काय घडलं ते तो बाहेर सांगणार कुणाला? आज तुम्ही निवांत बसलाच आहात, तर ऐका.

मी तिथं कसा पोचलो ते आधी. सकाळची शिरूर-दौंड गाडी. प्रवासी भरले, दार लावलं, घंटीची दोरी हातात धरली आणि ती ओढताच येईना. हाताला काही झालं नव्हतं. नुसतं होईना. ड्रायव्हर आरशातून बघतोय, मागून एक बाई म्हणते, "अवो मास्तर, मारा की डबल!" आणि मी दोरी धरून रडतोय. शेवटी एका दूधवाल्यानं माझ्या डोक्यावरून हात लांबवून डबल मारली आणि गाडी निघाली.

कारण काय, तर काही नाही. कुणी गेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. चार महिने झोप लागत नव्हती एवढंच. पोरीच्या दहावीच्या निकालाचा पेढा तोंडात घातला तोही मातीसारखा लागला होता. त्या दौंडच्या गाडीनंतर माझी बायको सुरेखा मला हाताला धरून मॅडमकडं घेऊन गेली. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली. ती गोळी नीट घेणं, एवढंच माझं काम होतं. ते मला जमलं की नाही, ते शेवटच्या किश्शात कळेल.

* * *

दवाखान्याला लागूनच हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. व्हरांडा एकच. पहिल्या गुरुवारी सुरेखा नाव लिहायला आत गेली आणि मी डेपोतलं कुणी बघेल म्हणून हाडांच्या बाजूला जाऊन बसलो आणि गुडघा चोळायला लागलो. शेजारी पांढऱ्या फेट्यातले एक म्हातारे बसले होते.

"गुडघा का?" त्यांनी विचारलं.

"होय. तुमचा?"

"आमचाबी गुडघाच."

अर्धा तास आम्ही गुडघ्यावर बोललो. कुठलं तेल चांगलं, मांडी घालून बसता येतं का. तेवढ्यात मॅडमच्या कंपाउंडरनं हाक मारली आणि आम्ही दोघंही उठलो. म्हातारे माझ्याकडं बघून म्हणाले, "जावा, मास्तर. तुमचा गुडघा आदी दाखवा."

हे सोपानआप्पा. कवठे येमाईचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, कोकणापर्यंत जाऊन यायचे. आता कांदा आणि थोडा ऊस.

* * *

गोळी सुरू केली. आठ दिवसांत फरक काय, तर तोंड कोरडं आणि पोटात मळमळ. पुढच्या गुरुवारी मी तणतणत गेलो. मॅडम म्हणाल्या, "मळमळ बहुतेक कमी होईल, नाश्त्यानंतर घ्या. मनावरचा फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर बेचैनी वाढली, जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर गुरुवारची वाट बघू नका, लगेच फोन करा." आणि हे त्यांनी मला एकट्याला नाही, सुरेखाला समोर बसवून सांगितलं.

बाहेर आलो तरी माझी कुरकुर चालूच. आप्पा म्हणाले, "मास्तर, कांदा लावला की आठव्या दिशी उपटून बगता का?"

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी चहा पिताना म्हणालो, "आलं जास्त झालंय." सुरेखा किचनच्या ओट्याला धरून रडायला लागली. म्हणाली, "पाच महिन्यांनी तुम्ही चहाला नाव ठेवलं."

* * *

बाकड्यावर आम्ही चौघं नेहमीचे झालो. मी, आप्पा, दौंडच्या शमीमआपा आणि केडगावच्या मंदाताई. शमीमआपा घरी ब्लाउज शिवतात. मंदाताई अंगणवाडीत मदतनीस.

मंदाताईंनी नवरात्रात नऊ दिवसांचे उपास धरले आणि गोळीही बंद केली. का, तर उपासाला भगर चालते, गोळी कुठं चालते! चौथ्या दिवशी त्यांना गरगरायला लागलं, डोक्यात झटके यायला लागले, घाम फुटला. गोळी अशी एकदम सोडली की असं होतं हे घरात कुणाला माहीत? सासूबाईंनी ठरवलं, देवी अंगात आली. शेजारच्या बायका जमल्या, ओटी भरली. एकीनं विचारलं, "आई, आमच्या संदीपचं लगीन कवा जमल?"

मंदाताई डोळे मिटून, भिंतीला टेकून म्हणाल्या, "मला आदी शिरूरला न्या."

देवीचा शब्द कोण मोडणार? नेमका गुरुवार होता, जीप करून आणलं त्यांना. मॅडमनी गोळी परत सुरू करून दिली.

पुढच्या गुरुवारी हे ऐकून शमीमआपांनी कपाळाला हात लावला. "बाई गं, आमचा तर महिनाभर रोजा असतो. मी रमजानच्या आदी महिनाभर मॅडमला इचारलं. त्यांनी येळ बदलून दिली, रोजा सोडल्यावर घ्यायची म्हणून. देवाची कायबी हरकत न्हवती. इचारायला काय जातंय?"

* * *

पण याच शमीमआपांची गोष्ट ऐकून मात्र कुणी हसलं नाही.

त्यांची धाकटी जाऊ बाळंतपणानंतर रोज रडायची. आपांना तिची दया आली. स्वतःला गुण आलेला, म्हणून स्वतःच्या पाकिटातल्या गोळ्या कापून तिला दिल्या. आधी एक, मग दिवसाला दोन. तिला डोकेदुखीवर दुसऱ्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, ते आपांना माहीत नव्हतं. दोन्ही औषधं एकमेकांत भिडली आणि तिसऱ्या दिवशी जाऊ थरथर कापायला लागली, अंग तापलं, काळीज धडधडायला लागलं. दोन दिवस सलाइनवर होती. वाचली. पण दिरानं आपांना सांगितलं, आमच्या दारात पाय ठेवायचा नाही. भिंतीला भिंत लागून घर. बाळ रडलेलं ऐकू येतं, पण बघायला जाता येत नाही.

"एकीच्या मापावर दुसरीचं ब्लाउज कवा शिवलं न्हाई मी," आपा म्हणाल्या, "आन् गोळी दिली."

त्या दिवशी मंदाताईंनी डबा आणला होता, तो तसाच परत गेला.

* * *

त्याच दिवशी आप्पा पहिल्यांदा दत्तूबद्दल बोलले. दत्तू त्यांचा धाकटा. पोरगा खचला होता, त्यालाही अशाच गोळ्या होत्या. चार-पाच महिन्यांत सुधारला. शेतावर जायला लागला, मोबाइलवर गाणी लावायला लागला. मग त्याला स्थळ सांगून आलं. पाहुणे बघायला येणार होते. भावकीतलं कुणी म्हणालं, गोळ्या खाणाऱ्याला पोरगी कोण देतंय?

"म्या पाकीट उकिरड्यावर फेकलं," आप्पा म्हणाले. "दत्तू म्हनला, आप्पा, अशी एकदम बंद करायची नसती, मॅडम हळूहळू कमी करून देत्यात. म्या म्हनलं, चांगला तर हायेस की. आता कशाला पायजे?"

लग्न ठरलं. लग्नाआधीच दत्तू गेला. कसा, ते आप्पांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यानंतर वर्षभरानं आप्पा स्वतः या बाकड्यावर आले.

* * *

तेव्हापासून आप्पांनी एक नियम काढला. सकाळी गोळी घेतली की प्रत्येकानं आपापल्या ठरल्या वेळेला त्यांना मिस कॉल द्यायचा. आप्पांना फोनमधलं दुसरं काही येत नाही, पण वाजलं की मोजता येतं. आठ ते नऊ ते गोठ्यापुढं फोन हातात घेऊन बसायचे. तीन मिस कॉल आले की उठायचे.

"मेंढरं वाड्यात आली का न्हाई, मोजून घेतल्याबिगर आमचा बाप भाकरीला हात लावत नव्हता," असं त्यांनी सांगितलं.

मी चेष्टा केली. "आप्पा, मिस कॉल दिला म्हणजे गोळी घेतली कशावरून?"

तेव्हा आप्पांनी मेंढराला गोळी कशी देतात ते सांगितलं. मेंढरू लई हुशार असतं. तोंडात गोळी घातली की गालात धरून ठेवतं आणि तुम्ही पाठ फिरवली की थुंकतं. म्हणून जबडा वर धरायचा, गोळी जिभेच्या मागं ठेवायची आणि गळ्यावरून हात फिरवत राहायचं. उतरलेली हाताला कळते. तोवर सोडायचं नाही.

"तुमी काय मेंढरं हाय व्हय?" आप्पा म्हणाले. "तुमच्यावर इस्वास हाय."

* * *

आता शेवटचा.

नऊ महिन्यांत मी ठणठणीत झालो. डबल मारायला हात शिवशिवायला लागला. मॅडम म्हणाल्या, "अजून काही महिने चालू ठेवू, मग मी कमी करत आणीन. मधेच थांबवू नका." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं ऐकून-बघून? होय. मंदाताईंचं बघून, दत्तूचं ऐकून. मला वाटलं, ते वेगळे, मी वेगळा. डेपोत एका जणानं माझ्या पिशवीत पाकीट बघितलं होतं आणि "काय मास्तर, डोक्याच्या का?" म्हणून हसला होता. तेवढं पुरलं मला.

मिस कॉल मात्र रोज देत होतो. सव्वाआठला, न चुकता. गुरुवारी काही ना काही ड्युटी सांगून बाकडं टाळत होतो. पहिले काही दिवस डोक्यात झटके आले, ते गेले. मी खूश. सुरेखाला पत्ता नव्हता. पाकिटं कपाटात नेहमीच्या जागी, गणवेशाखाली, भरलेलीच.

पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी मला उठता येईना. पुन्हा तीच दोरी, पुन्हा तेच. भिंतीकडं तोंड करून पडलो. सव्वाआठ वाजले, साडेआठ, नऊ. फोन उशाशीच होता. पण खोटं बोलायलाही अंगात थोडा जीव लागतो.

साडेदहाच्या सुमाराला दारात आप्पा उभे. याआधी ते कधी आमच्या घरी आले नव्हते. कवठ्याहून मिळेल त्या गाडीनं आले होते आणि स्टँडवर माझं घर विचारत विचारत पोचले होते. फेटा बांधायचाही राहिला होता.

"दोनच आलं," ते सुरेखाला म्हणाले. "तिसरा आला न्हाई."

मग त्यांनी गोळ्या मागितल्या. सुरेखानं कपाट उघडलं, गणवेश उचलला आणि ती तिथंच खाली बसली. आप्पांनी भरलेली पाकिटं हातात घेऊन बघितली. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडमला फोन लावा," ते म्हणाले. "किती दिस बंद व्हती ते खरं सांगा, मास्तर. त्या सांगतील तेवढीच द्यायची."

मी खरं सांगितलं. मनात काय काय येतंय तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आज खाऊन अर्धीच घ्या, उद्या गुरुवारच आहे, मला भेटा, आणि सुरेखाला म्हणाल्या, तोवर यांना एक मिनिटही एकटं सोडू नका.

सुरेखानं दूधभात भरवला. तिनं अर्धी गोळी पुढं केली, पण ती आप्पांनी तिच्या हातातून आपल्याकडं घेतली. खाटेवर माझ्या शेजारी बसले. एका हातानं माझी हनुवटी वर धरली.

"आ कर."

इतके दिवस मला अहो-जाहो करणारा माणूस. मी आ केला. त्यांनी गोळी जिभेच्या मागं ठेवली, पाण्याचा तांब्या लावला आणि माझ्या गळ्यावरून हात फिरवायला लागले. कांद्याच्या शेतात चिरा पडलेला, खरखरीत हात.

"उतरली का रं?"

"उतरली."

हात थांबला नाही. गळ्यावरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. सुरेखा थोडा वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आप्पा, गेली पोटात गोळी."

"व्हय, पोरी," आप्पा म्हणाले. "कळलं मला."

आणि हात फिरवतच राहिले.