चीनच्या व्यापारातली गाळलेली अफू

नव्वदच्या दशकात अमेरिकेत, ॲन आर्बरला मी इतिहासात पीएचडी करत होते आणि एका प्रोफेसरची टीए होते. म्हणजे लेक्चर तो झोडायचा, आणि शुक्रवारी तेच वीस-पंचवीस पोरांच्या डोक्यात उतरवायचं काम माझं. विषय होता, अमेरिकन जहाजांचा चीनशी सुरुवातीचा व्यापार. प्रोफेसरचे खापरपणजोबा म्हणे त्यातल्याच एका जहाजाचे कप्तान. त्यांनी आणलेल्या निळ्या बश्या घरी काचेच्या कपाटात होत्या. थँक्सगिव्हिंगला बोलावून त्याने त्या आम्हाला कौतुकाने दाखवल्या आणि जेवण वाढलं कागदी प्लेटमध्ये.

त्याच्या लेक्चरमधली जहाजं जिनसेंगची मुळं आणि समुद्री ऊदमांजरांची कातडी घेऊन जायची, चहा-रेशीम घेऊन यायची. सगळं कसं सोज्वळ. ऊदमांजरं मारून संपवली, चांदी परवडेना, मग नेलं काय? इथे हा शहाणा गप्प. मी वर्गात सांगून टाकलं, अफू. इंग्रज आपल्या माळव्याची न्यायचे, मुंबईतून. हे अमेरिकन तुर्कस्तानची.

सोमवारी लगेच बोलावणं. तेव्हा अफूला औषध समजत, म्हणाला, आपण चहावर फोकस करू या. पुढच्या सेमिस्टरची माझी असिस्टंटशिप त्याच्याच हातात होती, आणि ती गेली की फी, व्हिसा, सगळंच बोंबललं. मी चडफडत घरी आले. रूममेट म्हणाली, "चहा शिकव ना यार, तुझ्या बापाचं काय जातंय?"

फायनलला त्याने प्रश्न काढला, चिनी व्यापाऱ्यांनी चहा कशाच्या बदल्यात दिला? पोरांनी त्याचंच लेक्चर जसंच्या तसं ओकलं: परस्परविश्वासाच्या. विश्वास म्हणे! पेट्या भरभरून नेला असेल. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, कातडी, चांदी आणि अफू. मी पूर्ण गुण दिले.

त्याने तो पेपर माझ्यापुढे टाकला. "गुण कमी कर."

"तुम्हीच करा," मी म्हटलं, "आणि शेजारी सही करा."

त्याने पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

मुलीचे गुण राहिले. माझी असिस्टंटशिप गेली. तेसुद्धा तोंडावर सांगितलं नाही, सेक्रेटरीकडून कळवलं. भेकड मेला.